लायब्ररी दुसऱ्या हार्ड डिस्कवर हलवण्याआधी



आज अध्ययन निष्पत्ती नाही, उपक्रमांची यादी नाही. आज हार्ड डिस्कबद्दल बोलायचं आहे. कंटाळवाणा विषय वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. यात आपल्या पोरांचे आवाज अडकलेले आहेत.

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी कितीतरी जण कवितांना स्वतः चाली लावायला लागले. आधी मोबाईलवर, मग लॅपटॉपवर. ऑडॅसिटीत आवाज साफ करायचा, एफएल स्टुडिओ किंवा एलएमएमएसमध्ये ठेका बसवायचा, वरून पेटी टाकायची, पोरांकडून म्हणून घ्यायचं. परिपाठाला, स्नेहसंमेलनाला, १५ ऑगस्टला शाळेचं स्वतःचं गाणं वाजतं. वर्धा जिल्ह्यातल्या दोन-शिक्षकी शाळेतसुद्धा हे होतं, आणि चांगलं होतं. मग एक दिवस लॅपटॉप हळू होतो. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली दिसते. कोणीतरी सांगतं, "लायब्ररी बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकून दे न, मोकळं होते सगळं." आणि आपण ते फोल्डर कट करून पेस्ट करतो.

पालकांसाठी थोडं थांबून सांगते. सॅम्पल म्हणजे खऱ्या वाद्याचा रेकॉर्ड केलेला छोटा तुकडा. पियानोची एक पट्टी हळू दाबली, जोरात दाबली, मधल्या जोराने दाबली, की झाले तीन सॅम्पल. अशा सगळ्या पट्ट्यांचे शेकडो-हजारो तुकडे एकत्र केले की ती झाली सॅम्पल लायब्ररी. कीबोर्डवर बोट ठेवलं की सॉफ्टवेअर त्यातला नेमका तुकडा शोधून वाजवतं. एका चांगल्या पियानोची लायब्ररी काही जीबींपासून ५०-६० जीबींपर्यंत जाऊ शकते. २५६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज, ऑफिस, शाळेचे फोटो आणि अशा दोन-तीन लायब्ऱ्या म्हटल्यावर जागा संपणारच.

खरी अडचण जागेची नसते, पत्त्याची असते. गाण्याच्या फाइलमध्ये सहसा आवाज नसतोच. त्यात फक्त लिहिलेलं असतं की पेटीचे तुकडे अमक्या ड्राइव्हवर, अमक्या फोल्डरमध्ये आहेत. आपण फोल्डर हलवलं तरी गाण्याची फाइल जुन्याच पत्त्यावर चकरा मारत राहते. घर सोडलेल्या माणसाचं टपाल घेऊन पोस्टमन जुन्या दारात उभा राहावा, तसं. सॉफ्टवेअर सांगतं फाइल सापडत नाही, आणि ट्रॅक मुका होतो.

शेजारच्या तालुक्यातल्या एका सरांचं उदाहरण सांगते. नाव नको. स्नेहसंमेलन दोन दिवसांवर आलेलं. त्यांनी साधारण ४० जीबीचं फोल्डर कट करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायला घेतलं. अर्ध्यात केबल निसटली. आता बघा, एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर कट-पेस्ट करताना विंडोज एकेक फाइल तिकडे उतरवतं आणि इकडची काढून टाकत जातं. मध्येच थांबलं की काही फाइली इकडे, काही तिकडे. सरांना नव्या डिस्कवर फोल्डर दिसलं, तेव्हा त्यांना वाटलं काम झालं. इकडे उरलेलं फोल्डर त्यांनी शिफ्ट-डिलीट करून टाकलं. दुसऱ्या दिवशी तालमीला पोरगी म्हणाली, "सर, पेटी नाई वाजून राहिली जी."

पेटी परत आली. लायब्ररी फुकटची होती, दोन रात्री मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पुन्हा डाउनलोड झाली. पण त्याच फोल्डरच्या आत एक 'आपले आवाज' नावाचं छोटं फोल्डर होतं. चौथीच्या मुलींनी भुलाबाईची गाणी म्हटलेली, दोघींच्या आज्या मागून साथ देताहेत. ते कुठल्या वेबसाइटवर मिळणार? त्या मुली आता हायस्कूलला आहेत, त्यांचा आवाज बदलला. दोघींपैकी एक आजी आता नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपण शिक्षक लोक लायब्ररी हलवण्याबद्दल बोलतो तेव्हा सगळ्या आवाजांना एकाच पोत्यात भरतो, आणि तिथेच चुकतं. हार्ड डिस्कला हात लावण्याआधी प्रत्येक फोल्डरला एकच प्रश्न विचारायचा: हे गेलं तर पुन्हा मिळेल का? पियानो, व्हायोलिन, ड्रम, गिटार, सगळं पुन्हा मिळतं. विकतचं असेल तर आपल्या खात्यातून, फुकटचं असेल तर थेट. वेळ आणि डेटा जाईल, बाकी काही नाही. पोरांनी रेकॉर्ड केलेलं मात्र मिळत नाही.

आता जरा हिशोब करा. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका मिनिटाला साधारण १० एमबी घेतं. तान्ह्या पोळ्याला पोरांच्या १०० झडत्या रेकॉर्ड केल्या, प्रत्येक अर्ध्या मिनिटाची, तरी सगळ्या मिळून ५०० एमबी होतात. अर्धा जीबी! जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते सगळ्यात लहान आहे, आणि जे कधीही मिळेल त्यानेच डिस्क भरली आहे. मग पोरांचे आवाज हलवायचेच कशाला? ते आहेत तिथेच राहू द्या. त्यांच्या आणखी दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. जागा करायची तर पियानो हलवा.

हलवायची पद्धत अवघड नाही, घाई नको एवढंच. कट करायचं नाही, कॉपी करायचं. झाल्यावर दोन्ही फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायच्या, फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळतात का बघायचे. जुळले तरी जुनं फोल्डर लगेच डिलीट करू नका, त्याचं फक्त नाव बदला. 'जुने_थांबा' असं काहीही चालेल. नाव बदललं की सॉफ्टवेअरला जुना पत्ता सापडत नाही, आणि आपण नवा पत्ता नीट दिला आहे की नाही ते कळतं. नाव बदललं नाही तर ते गुपचूप जुन्याच जागेवरून वाजवत राहतं, आपण खूश होतो, आणि डिलीट केल्यावर रडतो. मग चार-पाच जुनी गाणी उघडून वाजवून बघा. आठवडाभर काही अडलं नाही तर जुनं काढून टाका.

नवा पत्ता कुठे द्यायचा ते प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं. कॉन्टॅक्टच्या लायब्ऱ्यांसाठी नेटिव्ह अॅक्सेस या अॅपमध्ये रिलोकेटची सोय आहे. एफएल स्टुडिओत ऑप्शन्समधल्या फाइल सेटिंग्जमध्ये जादा सर्च फोल्डर जोडता येतात, आणि एखादं पूर्ण झालेलं गाणं 'झिप्ड लूप पॅकेज' म्हणून एक्स्पोर्ट केलं की त्यात वापरलेले सॅम्पल त्याच्याबरोबरच बांधले जातात. शाळेची महत्त्वाची गाणी तरी अशी बांधून ठेवावीत. एक लक्षात ठेवा, लायब्ररी हलवता येते पण प्लगइन हलवायचं नाही. व्हीएसटीच्या फाइली सी ड्राइव्हवर जिथे इन्स्टॉल झाल्या तिथेच राहू द्या. त्या लहान असतात, त्या हलवून जागा सुटत नाही, डोकेदुखी मात्र वाढते.

ऑडॅसिटीवाल्यांनी हे वेगळं वाचा, कारण आपल्यात तेच जास्त आहेत. मार्च २०२१ मध्ये ऑडॅसिटी ३.० आलं. त्याच्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये प्रोजेक्टची एक छोटी फाइल आणि तिच्या शेजारी त्याच नावाचं, शेवटी 'डेटा' लिहिलेलं फोल्डर असायचं. खरा आवाज त्या फोल्डरमध्ये, बारीक बारीक तुकड्यांत. कितीतरी जणांनी फक्त ती छोटी फाइल पेन ड्राइव्हवर नेली आणि घरी जाऊन उघडली तर आत काहीच नाही. ३.० पासून सगळं एकाच फाइलमध्ये येतं. २०२१ च्या आधीचं काम तुमच्याकडे असेल तर ते आत्ताच नव्या ऑडॅसिटीत उघडून पुन्हा सेव्ह करा, आणि एक वेव्ह फाइलही काढून ठेवा. वेव्ह फाइल उद्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. बाहेरची डिस्क आज ई ड्राइव्ह म्हणून दिसते, उद्या आधी पेन ड्राइव्ह लावला तर तीच एफ होते, आणि पुन्हा सगळे पत्ते चुकतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला एस किंवा एम असं शेवटाकडचं अक्षर कायमचं देऊन टाका. आणि फॅट३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, मग ३२ जीबी रिकामे असले तरी. तिथे डिस्क खराब नसते, फॉरमॅट बदलावा लागतो. फॉरमॅट बदलताना आतलं सगळं पुसलं जातं, हेही आधी माहीत असू द्या.

डिस्क कोणती घ्यावी असं बरेच जण विचारतात. वाजवायच्या लायब्ररीसाठी एसएसडी. मोठी लायब्ररी सगळीच्या सगळी मेमरीत चढत नाही. सुरुवातीचा भाग मेमरीत ठेवून उरलेलं वाजवता वाजवता डिस्कवरून ओढलं जातं, आणि फिरत्या चकतीच्या डिस्कवर त्यात कधी कधी कडकड ऐकू येते. नुसती प्रत ठेवायची असेल तर साधी हार्ड डिस्क पुरते, स्वस्तही पडते.

हे झालं कसं करायचं ते. पण मला जास्त बोलायचं आहे ते 'आपले आवाज' या फोल्डरबद्दल.

तयार लायब्ऱ्यांमध्ये काय मिळतं? टॅम्बोरीन मिळतं, आपल्या भजनी मंडळाची खंजिरी सहसा मिळत नाही. ज्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर गावंच्या गावं डोललीत, तिथल्या शाळेच्या गाण्यात परदेशी टॅम्बोरीन वाजावं हे मला पटत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीच्या गळ्यातले घुंगरू, बैलाची घागरमाळ, टिपऱ्या, हिंगणघाटकडच्या जिनिंगची घरघर, सेवाग्रामला सूत कातताना चरख्याचा येणारा आवाज, ही आपली लायब्ररी आहे. मोबाईल हातात देऊन पोरांना पाठवा, अर्ध्या दिवसात ५० आवाज आणतात. घागरमाळेची एक खळखळ ऑडॅसिटीत कापून कीबोर्डवर बसवली की पोरांना कळतं वाद्य म्हणजे काय, आणि आवाज उंच-खालचा होतो म्हणजे काय होतं. १९३७ साली वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार पुढे आला, हाताने काही घडवत शिकायचा. मला हे त्याच जातीचं काम वाटतं, मग कोणी मोबाईलच्या नावाने नाक मुरडो.

आवाज जमा करणं एक आणि तो पुढे पोचवणं दुसरं. यात आपल्याला धडा घ्यायचा असेल तर मराठीतलंच मोठं काम डोळ्यासमोर आहे: जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. दळण गिरणीत गेलं, जाती कोपऱ्यात पडली, तेव्हा ओव्या म्हणणाऱ्या बाया होत्या तोवर हे काम झालं. पुढे बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे संशोधक त्यात आले. (याच बेल यांनी ऐंशीच्या दशकात जेम्स किपेन यांच्याबरोबर तबल्याच्या बोलांवर काम करणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं, बोल प्रोसेसर नावाचं. आपण आज एफएल स्टुडिओत ठेका मांडतो, त्याच्या कितीतरी आधी.) बेल यांनी ओव्यांच्या मजकुराचा डेटाबेस उभा केला आणि १२० तासांच्या वर आवाज रेकॉर्ड केला. ते सगळं एका जागी ठेवून दिलं नाही. एक संग्रह गुरगावच्या संगीत अभिलेखागारात, पुढे फ्रान्समधल्या संग्रहात, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी. दर वेळी हलवताना ओवी, ती म्हणणारी बाई, तिचं गाव, आवाजाची फाइल यांची गाठ सुटू दिली नाही. म्हणून आज एखाद्या मावशीची ओवी आपण तिच्या नावासकट आणि गावासकट ऐकू शकतो.

आणि आपण काय करतो? फाइलचं नाव 'ऑडिओ ००४७ नवीन फायनल २'. दोन वर्षांनी स्वतःलाच कळत नाही हा कोणाचा आवाज. माझी विनंती आहे, फाइलच्या नावातच साल, गाव, काय आहे ते आणि इयत्ता टाका, आणि फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा, कोणी म्हटलं, कोणाकडून शिकलं. हे पोरांकडूनच लिहून घ्या, मराठीच्या तासाला. कोण्या पोराने लिहिलं "ही झडती आमच्या आबांनी त्यांच्या मामाकडून शिकली", की ते एक वाक्य पियानोच्या ५० जीबींपेक्षा मला जास्त महाग वाटतं.

आता अवघड मुद्दा. ही डिस्क असते कोणाची? बहुतेक ठिकाणी सरांची किंवा मॅडमची स्वतःची. बदली झाली की लॅपटॉपबरोबर शाळेचे आवाजही जातात. नव्या शाळेत त्यांना कोणी विचारत नाही, जुन्या शाळेत काही उरत नाही. कोणाची नियत वाईट नसते, बदलीच्या आदेशानंतरच्या धावपळीत हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पोरांचे आवाज ही शाळेची मालमत्ता आहे, आणि त्याची डिस्क डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असावी, खुर्ची-टेबलासारखी. चार्ज देताना ती लावून दाखवावी, फाइली उघडून दाखवाव्यात, मगच सही.

यावर लगेच उत्तर येतं, पैसे कुठून आणायचे. प्रश्न बरोबर आहे. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यात वीज बिल, खडू, फिनाईल, दुरुस्ती सगळं. म्हणून मी म्हणत नाही की दोन टीबीची डिस्क घ्या. अर्ध्या जीबीचाच प्रश्न आहे! दोन बऱ्यापैकी पेन ड्राइव्ह पुरतात. एक शाळेच्या कपाटात, एक शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या घरी. वर्षातून एकदा, सत्र सुरू होताना, दोन्ही लावून तपासायचे, कारण नुसते पडून राहिलेले पेन ड्राइव्हही कधी कधी दगा देतात. पियानोच्या लायब्ररीवर मात्र शाळेचा रुपया खर्च करू नका. ती हौस आपली आहे, आपल्याच डिस्कवर राहू द्या.

"गूगल ड्राइव्हवर टाकून द्या न" म्हणणाऱ्यांनाही नाही म्हणत नाही. १५ जीबी फुकट मिळतात, आपलं काम त्यात मजेत मावतं. फक्त ते खातं शाळेचं असू द्या, कोणा एकाचं नको, आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या फाइलमध्ये लिहिलेला असू द्या. पोरांचे आवाज जाहीर टाकायच्या आधी पालकांना विचारायचं, हे वेगळं सांगायला नको. व्हॉट्सॲप ग्रुपला मात्र साठवण समजू नका. तिथे पाठवलेला व्हॉइस मेसेज दाबून बारीक केलेला असतो. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

पालकहो, तुमच्याही फोनमध्ये असं काहीतरी असेलच. लेकराने पहिल्यांदा म्हटलेली कविता, आईने म्हटलेलं भुलाबाईचं गाणं. मोबाईल दुकानात दुरुस्तीला देता, दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, आणि तुम्ही हो म्हणता. हो म्हणायच्या आधी रेकॉर्डरचं फोल्डर एकदा बघा, बाहेर काढा. जुनं काही सापडलं तर शाळेतही आणून द्या. आमच्याकडे एका आबांची दहा वर्षांपूर्वीची झडती अशीच एका जुन्या मेमरी कार्डमधून मिळाली.

आणि या तान्ह्या पोळ्याला पोरं नंदी घेऊन बोजारा मागायला निघतील तेव्हा कोणीतरी मोबाईल धरून बरोबर जा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. आमच्या संग्रहातल्या एका झडतीत ऐन रंगात एका पालकांची रिंगटोन वाजते. ती कापून टाकू म्हटलं तर पोरं ऐकायला तयार नाहीत, त्यांना तीच झडती सगळ्यात जास्त आवडते.